तज्ज्ञ स्त्रिया नकार देतात, तेव्हा आमच्या विचारण्यात काय चुकते?

डेस्कवरून

नमस्कार. बेळगावातील एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी 11 वर्षांपासून काम करते. आमच्याकडे एक जुनी, शिवण उसवलेली वही आहे. कोणत्या विषयावर कोणाला फोन करायचा, याची ही वही. ऊस, पाऊस, अर्थसंकल्प, कायदा, साथीचे आजार, पाणी, परीक्षा अशा मथळ्यांखाली नावे आणि क्रमांक लिहिलेले आहेत. गेल्या महिन्यात ती नव्याने उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी सहज नावे मोजली. एकूण 64 नावे आणि त्यांत स्त्रिया 7. त्या सातांपैकी तिघी स्त्रीरोगतज्ज्ञ, एक आहारतज्ज्ञ, दोघी मुख्याध्यापिका, आणि सातवीचा क्रमांक बंद लागतो.

आपल्या भागात जाणकार स्त्रियांचा दुष्काळ आहे, असे म्हणावे तर तसेही नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ येथे आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. या सगळ्या ठिकाणी स्त्रिया शिकवतात, संशोधन करतात, प्रयोगशाळा सांभाळतात. न्यायालयाच्या आवारात काळा कोट घातलेल्या किती जणी दिसतात, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांची मते मात्र आमच्या पानांवर येत नाहीत.

ज्या प्रसंगामुळे हे लिहावेसे वाटले तो सांगते. गेल्या एप्रिलमध्ये खानापूर तालुक्यातील काही गावांच्या विहिरी आटल्या होत्या. मलप्रभा ज्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, त्याच तालुक्यात टँकर फिरत होता, म्हणून बातमी मोठी करायचे ठरले. मी भूशास्त्राच्या एका प्राध्यापिकांना संध्याकाळी साडेसहाला फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा अभ्यास पाण्याच्या गुणवत्तेचा आहे, पातळीचा नाही. आपण आमच्या सरांना विचारावे." मी सरांना फोन केला. सर विनाखंड सात मिनिटे बोलले आणि मथळाही त्यांनीच सुचवला. बातमी छापून आल्यावर कळले की सरांचा विषय जीवाश्मांचा आहे.

आमचे वरिष्ठ म्हणतात, "आपण विचारतो, त्या नाही म्हणतात, यात आपला काय दोष?" त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. म्हणून माझा प्रश्न विशेषतः अशा स्त्रियांना आहे, ज्यांनी कधीतरी वर्तमानपत्राला किंवा वाहिनीला नकार दिलेला आहे. नेमके काय वेगळे केले असते तर आपण बोलला असता?

---

कठीणपाणी

आपण फोन केला त्या प्राध्यापिका मी नव्हे. परंतु त्यांच्या जागी मी असते, तर मीही हेच उत्तर दिले असते. मीदेखील पाण्याचे नमुने तपासते आणि आजवर वर्तमानपत्रांना पाच-सहा वेळा नाही म्हटलेले आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की "हा माझा विषय नाही" या वाक्यात संकोच असतो, हा आपला समज चुकीचा आहे. जे मोजले तेवढेच सांगावे, अशी आम्हांला सवय लावलेली असते, आणि ती सवय चांगली आहे. सरांना ती लागली नसेल, तर दोष सवयीचा नाही. आपण प्राध्यापिकांना विचारले, "विहिरी का आटल्या?" त्याऐवजी आपण विचारले असते की, "विहीर आटल्यावर लोक खोल बोअरचे पाणी पिऊ लागतात, त्या पाण्यात काय असते आणि ते किती दिवस प्यावे?", तर त्या वीस मिनिटे बोलल्या असत्या. खोल गेलेले पाणी खडकात अधिक काळ राहिलेले असते, त्यामुळे त्यात विरघळलेले क्षार अनेकदा जास्त असतात. डाळ शिजत नाही, भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, काही ठिकाणी फ्लोराइड वाढलेले आढळते. ही माहिती त्या गावांतील बायकांना पातळीच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडली असती. तज्ज्ञ तुमच्या हाताशी होत्या. प्रश्न दुसऱ्याच्या मापाचा होता.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागाची आहे. पुण्या-मुंबईच्या पत्रकारांना ती समजावून सांगावी लागते, आपल्याला लागू नये. काही वर्षांपूर्वी मी एका गावच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढले असल्याचे एका वार्ताहराला सांगितले. कारणेही सांगितली होती: विहिरीशेजारचा उकिरडा, शेतात पडणारा युरिया, फुटलेले गटार. दुसऱ्या दिवशी मथळा आला, "मराठी गावांच्या नशिबी दूषित पाणी, प्राध्यापिकेचा प्रशासनाला घरचा आहेर". मी गावाच्या भाषेचा उल्लेख केलेला नव्हता, प्रशासनाबद्दल अवाक्षर काढलेले नव्हते, आणि आहेर तर मुळीच दिलेला नव्हता. दुपारी एका कन्नड वाहिनीचा फोन आला, "तुम्ही असे म्हणालात का?" त्यानंतर आमच्या संस्थेतून बोलावणे आले. पुढचे तीन आठवडे मी पाण्यावर काम करण्याऐवजी खुलासे लिहिले. उकिरडा जिथल्या तिथे राहिला. यानंतर मी बोलत नसेन, तर त्याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणू नये. तो हिशेब आहे.

तिसरी अडचण भाषेची. घरी मराठी, शाळा मराठी, पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीत, आणि वर्गात निम्म्या वेळा समजावणे कन्नडमध्ये. भूजलाला वर्गात मी अंतर्जल म्हणते. खडकातील पाण्याच्या साठ्याला मराठीत जलधर म्हणतात, हा शब्द मला ठाऊक आहे, पण फोनवर तो वेळेवर जिभेवर येत नाही. मी क्षणभर थांबते आणि समोरच्याला वाटते, हिला उत्तर माहीत नाही. मला संध्याकाळी प्रश्न लिहून पाठवावेत आणि सकाळी उत्तर घ्यावे. मी नीट मराठीत लिहून देईन.

आणि एक लहानसे मागणे. माझ्या नावाआधी "सौ." लावू नये. बातमीतील जीवाश्मवाल्या सरांना आपण "श्री." लावले होते का, ते पाहावे. मी डॉक्टरेट केलेली आहे, ते लावले तर चालेल. तेही नाही लावले तरी चालेल.

---

निपाणी_वार्ताहर

वरील प्रतिसाद वाचून वाईट वाटले, कारण "घरचा आहेर" हा मथळा आम्हीही वापरतो. परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

तालुक्याचे पान संध्याकाळी सातला सुटते. आमच्यासारख्या वार्ताहराला पगार नसतो, छापून आलेल्या मजकुरावर मानधन असते आणि ते किती असते हे न लिहिलेले बरे. तंबाखूचा लिलाव, साखर कारखान्याची सभा, एखादा अपघात आणि दोन वाढदिवस उरकून मी पाचला घरी येतो. त्यानंतर प्रश्न लिहून पाठवणे, सकाळपर्यंत थांबणे हे मला शक्य नाही. खरे सांगायचे तर ज्याचा फोन लागतो तो आमचा तज्ज्ञ. पुरुष फोन उचलतात. ते स्कूटर बाजूला घेऊन बोलतात, लग्नाच्या पंगतीत बसून बोलतात. बाईंना फोन करावा तर घरातील दुसरेच कोणी उचलते आणि "कशासाठी?" असे विचारते, मग आपणच चोरासारखे होतो.

दुसरे म्हणजे, तज्ज्ञ हा तज्ज्ञ असतो. बाई की पुरुष हे मोजत बसलो, तर उद्या जात आणि तालुकाही मोजावा लागेल. ज्याला विषय कळतो त्याने बोलावे, एवढा साधा नियम का पुरू नये?

---

मोजपट्टी

मूळचा चिक्कोडीचा असून सध्या पत्रकारिता शिकवतो. वार्ताहर सरांच्या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर देतो. पहिला मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर मालकांकडे मागायला हवे.

"ज्याला विषय कळतो त्याने बोलावे" हा नियम आपण पाळत असतो, तर जीवाश्मांचे अभ्यासक विहिरींवर बोलले नसते. आज चालतो तो नियम "मागच्या वेळी जो बोलला त्याने बोलावे" असा आहे, आणि तो नियम स्वतःला फुगवत नेतो. एकदा नाव छापून आले की दुसऱ्या दैनिकाचा वार्ताहर तेच नाव उचलतो, मग वाहिनीवाले, मग व्याख्यानमालावाले. तीन वर्षांत तो मनुष्य सर्वज्ञ होतो. या साखळीत ज्याचे पहिले नाव कधीच लागले नाही, ती व्यक्ती बाहेरच राहते, आणि त्यात स्त्रिया अधिक असतात.

हे केवळ बेळगावचे चित्र नव्हे. जगभरच्या बातम्यांत स्त्रिया किती दिसतात याची मोजणी 1995 पासून दर पाच वर्षांनी होते. पहिल्या मोजणीत 71 देशांतील बातम्या तपासल्या गेल्या, तेव्हा बातमीत दिसणाऱ्या किंवा बोलणाऱ्या व्यक्तींमध्ये स्त्रिया 17 टक्के होत्या. 2020 च्या मोजणीत 116 देश होते आणि प्रमाण 25 टक्क्यांवर आले. म्हणजे पंचवीस वर्षांत आठ टक्के. तज्ज्ञ म्हणून ज्यांचे मत घेतले गेले, त्यांत स्त्रिया 24 टक्के. डेस्कवरील ताईंच्या वहीत 64 पैकी 7 आहेत, म्हणजे अकरा टक्के.

आता मोजण्याबद्दल. 2017 साली बीबीसीचे निवेदक रॉस अ‍ॅटकिन्स यांनी आपल्या रात्रीच्या एका बातमीपत्रापुरता एक साधा उद्योग सुरू केला. कार्यक्रम संपला की त्याच टेबलावर दोन मिनिटांत मोजायचे, आज किती स्त्रिया बोलल्या आणि किती पुरुष. यातली मेख अशी की जे आपल्या हातात आहे तेवढेच मोजायचे. पंतप्रधान बोलले, मंत्री बोलले, अपघाताचा साक्षीदार बोलला, तर ते मोजायचे नाहीत, कारण तेथे निवड आपली नसते. विश्लेषक कोण बोलवायचा, ही निवड मात्र आपली असते. पहिल्या महिन्यात स्त्रिया 39 टक्के निघाल्या. चार महिन्यांत हे प्रमाण 50 टक्क्यांवर पोहोचले. कोणावर सक्ती नव्हती, आणि कार्यक्रमाचा दर्जा हीच अट पहिली होती. पुढे हीच पद्धत बीबीसीच्या इतर अनेक विभागांनी उचलली. आपल्याकडे यासाठी संगणकही नको; वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले तरी भागते.

विषयाची जाणकार म्हणून स्त्रीला विचारता येते, हे करोनाच्या काळात आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामीनाथन होत्या, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या संचालक प्रिया अब्राहम होत्या, लसींवर वेल्लोरच्या गगनदीप कांग सतत बोलत होत्या. त्यांचे म्हणणे "महिला" पुरवणीत छापावे, असे कोणाला वाटले नाही. विषय निकडीचा होता, माणसे तीच हवी होती. त्याच काळात आमच्या तालुक्याच्या पानावर करोनावर कोण बोलत होते, ते मी लिहीत नाही. गावातील मंडळी दुखावतील.

परवानगीबद्दल एक सूचना. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्यांना 1964 चे वर्तणूक नियम लागू असतात. त्यांतील आठव्या नियमानुसार, माध्यमांत भाग घेताना व्यक्त केलेली मते स्वतःची आहेत, शासनाची नाहीत, हे स्पष्ट करणे आवश्यक असते. राज्य सरकारी आणि अनुदानित संस्थांचे नियम वेगळे असतात. त्यामुळे प्रत्येक वेळी धावपळ करण्याऐवजी "माझ्या विषयासंबंधी शास्त्रीय माहिती देण्यास" अशी एक सर्वसाधारण लेखी परवानगी आधीच मागून ठेवावी, आणि वार्ताहरानेही परिचयात "मते वैयक्तिक" हे दोन शब्द न विसरता लिहावेत. कठीणपाणी यांना जे खुलासे लिहावे लागले, त्यांतले निम्मे तरी या दोन शब्दांनी वाचले असते.

---

रताळ्याचा_वेल

मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावचा आहे. माझ्याकडे पदवी आहे, परंतु जे सांगतो त्याचा पदवीशी संबंध नाही.

आमच्याकडे आषाढात रताळ्याचे वेल लावतात. वरंब्यावर वेलाचे तुकडे खोचण्याचे काम बायका करतात, वेल पलटण्याचे काम बायका करतात, नवरात्राच्या सुमारास काढणी सुरू झाली की माती झाडून प्रतवारीही त्याच करतात. पुरुष ट्रॅक्टर आणि बाजार समिती एवढे पाहतात. दोन वर्षांपूर्वी एका दैनिकाने आमच्या चुलत्यांची "प्रगतिशील शेतकरी" म्हणून मुलाखत घेतली, कारण उताऱ्यावर नाव त्यांचे आहे. रताळ्याला सोंडकिडा लागू नये म्हणून काय करता, असे विचारल्यावर चुलते म्हणाले, "औषध मारतो." चुलती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "वरंब्याला भेग पडू द्यायची नाही. भेगेतून किडा आत जातो. पाऊस उघडला की माती ओढून भेगा बुजवायच्या." वार्ताहराने मान हलवली आणि लिहून घेतले ते औषधाचे नाव. चुलतीचे म्हणणे पुढे मी कृषी विज्ञान केंद्रातील एका अधिकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले की अगदी बरोबर आहे, आम्हीही हेच सांगतो.

म्हणून डेस्कवरील ताईंना विनंती की वहीत "शेती" या मथळ्याखाली केवळ प्राध्यापकांची नावे नकोत.

हिवाळ्यात आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी अशा गावोगावी मराठी साहित्य संमेलने भरतात. त्यांचा मला अभिमान आहे, मी स्वतः खुर्च्या लावलेल्या आहेत. परंतु अनेकदा असे दिसते की ग्रंथदिंडीत कलश बायकांच्या डोक्यावर, स्वागतगीत मुलींचे, आणि परिसंवादाच्या टेबलामागे चार पुरुष. विषय "सीमाभागातील शेतीपुढील आव्हाने". 2025 साली दिल्लीत भरलेल्या 98 व्या अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी सांगलीच्या तारा भवाळकर होत्या. बायकांच्या ओव्या, गाणी, विधी हे ज्ञान आहे, असे मानून त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या सत्काराची बातमी आपण पहिल्या पानावर वाचतो आणि आपल्या गावच्या परिसंवादात मात्र पुन्हा त्याच चार खुर्च्या लावतो. व्यासपीठावर एकदा बोललेली बाई पुढे वार्ताहराला घाबरत नाही, हेही मी पाहिलेले आहे.

---

ओपीडीनंतर

मी डॉक्टर आहे. माझ्या नकाराचे कारण वेगळे आहे आणि ते वर कोणी लिहिलेले नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लसीबद्दल मी एका स्थानिक यूट्यूब वाहिनीवर बोलले. चित्रीकरण रात्री साडेनऊला ठेवलेले होते. मी ते मान्य केले, ही माझी पहिली चूक. लस 9 ते 14 या वयात दिलेली सर्वांत चांगली, ती आजार होण्याआधी घ्यायची असते, लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सोडायची नाही, एवढेच सांगायचे होते. व्हिडिओखाली जे लिहिले गेले, त्यात लसीबद्दल फार थोडे होते. माझी टिकली, माझे केस, माझ्या मराठीत येणारे कानडी हेल, आणि "आधी स्वतःचे लग्न झाले आहे का ते सांगा". दोघांनी रुग्णालयाचे नाव शोधून काढून तेथे फोन केले. वाहिनीच्या मालकांना कळवले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, कमेंट येतात म्हणजे व्हिडिओ चालतो आहे."

त्यानंतर दीड वर्ष मी कोणालाही मुलाखत दिली नाही.

पुन्हा बोलू लागले ती दोन बायकांमुळे. हुक्केरी तालुक्यातील दोन जावा आपापल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता. त्यांनी खालचे काहीच वाचलेले नव्हते, मोठ्या जावेला वाचता येत नाही, धाकटी म्हणाली, "ते कोण वाचत बसतंय, बाई?" तेव्हा मी ठरवले की बोलायचे, पण आपल्या अटींवर. त्या अटी येथे देते, कोणाला उपयोगी पडतील. चित्रीकरण दिवसा आणि शक्यतो माझ्याच खोलीत. व्हिडिओखाली अभिप्राय बंद, किंवा वाहिनीने माणूस नेमून दिवसातून दोनदा ते गाळायचे. शीर्षक आधी दाखवायचे. माझ्या कामाच्या ठिकाणाचा पत्ता दाखवायचा नाही, केवळ पदवी आणि विषय. तीन वाहिन्यांनी नकार दिला, एकीने मान्य केले. मला एक पुरे आहे.

प्रकरण हाताबाहेर गेले तर स्क्रीनशॉट तारीख आणि दुव्यासह ठेवावेत, कारण लिहिणारे ते नंतर पुसून टाकतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागाचे कलम 78 आहे. स्त्रीच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवणे त्यातही येते. शब्दांनी विनयाला धक्का लावण्याचे कलम 79 आहे. मी तक्रार केली नाही. करायला हवी होती, असे आता वाटते. परंतु ज्यांनी बोलावले त्यांनीच ती करायची असते, हे त्याहून अधिक वाटते. पाहुणीला घरी बोलावून दारात कुत्रे मोकळे सोडणारा यजमान आपण चांगला म्हणत नाही.

एक अवांतर. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्यावर लेख छापून येतो. 1933 साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारणारे संचालक सी. व्ही. रामन होते, आणि विज्ञान दिन असतो तो रामन यांच्याच शोधाचा. सोहोनी यांनी हट्टाने प्रवेश मिळवला, 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, नीरेवर काम केले आणि उतारवयात ग्राहकांसाठी, म्हणजे तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरासाठी, सोप्या भाषेत लिहिले. हा लेख पुरवणीत जरूर छापावा. परंतु त्याच आठवड्यात, आणि पुढे 8 मार्चपर्यंत, मला जे चार-पाच फोन येतात ते सगळे "स्त्री म्हणून आपला प्रवास" यावर असतात. लसीवर एकही नसतो. माझा प्रवास हुबळी आणि बेळगाव एवढाच आहे.

---

निपाणी_वार्ताहर

डॉक्टर मॅडमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मोजण्याबद्दलचा माझा आक्षेप तूर्त बाजूला ठेवतो.

मला जमेल असे एक सुचते. आमच्याकडे तातडीची बातमी कमी आणि ठरलेली बातमी जास्त असते. अर्थसंकल्प कधी येणार, उसाचा हंगाम कधी सुरू होणार, दहावीचा निकाल साधारण केव्हा, पावसाळ्यात कृष्णा-वेदगंगेचे पाणी कधी वाढते, हे महिनाभर आधी ठाऊक असते. या विषयांवर आधीच विचारून ठेवता येईल. रात्री येणाऱ्या अपघाताच्या बातमीला मात्र जो फोन उचलेल तोच.

शंका एकच. शीर्षक आधी दाखवा, बोललेले वाक्य छापण्याआधी दाखवा, असे सर्वांनी म्हटले तर पुढारीही तेच मागतील. त्यांना काय सांगायचे?

---

कठीणपाणी

पुढाऱ्यांना दाखवू नये. ते सत्तेबद्दल बोलतात आणि नंतर फिरवतात. आम्ही नायट्रेटबद्दल बोलतो आणि दशांशचिन्ह चुकले तर विहीर बंद होते. दोन्हीला एक नियम कशाला? पूर्ण बातमीही दाखवू नका. माझ्या तोंडी घातलेली दोन वाक्ये आणि त्यांतील आकडे फोनवर वाचून दाखवावेत, एवढेच पुरते. मथळा दाखवता येत नसेल, तर निदान माझे नाव मथळ्यात घालू नये.

---

डेस्कवरून

सर्वांचे आभार. उत्तरे येत असताना मी एक गोष्ट करून पाहिली, ती सांगते.

पाऊस सुरू झाल्यावर विहिरींना नवे पाणी येते आणि दर वर्षी जुलैमध्ये जुलाब-काविळीच्या बातम्या येतात. मी त्याच प्राध्यापिकांना पुन्हा फोन केला, या वेळी सकाळी अकराला, आणि म्हटले की छापायला चार दिवस आहेत. प्रश्न तीनच लिहून पाठवले. विहिरीच्या नव्या पाण्याचा रंग बदलतो तेव्हा नेमके काय मिसळलेले असते? ब्लीचिंग पावडर टाकल्यावर किती वेळाने पाणी काढावे? पाणी गढूळ असताना पावडर टाकली तर ती काम करते का? तिसऱ्या प्रश्नावर त्या हसल्या. म्हणाल्या, "हे आजवर कोणी विचारलेच नव्हते. गढूळ पाण्यात पावडरीची ताकद मातीतच खर्च होते. आधी पाणी निवळू द्यायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा ध्वनिसंदेश आला, अकरा मिनिटांचा. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. मी तो उतरवून काढला आणि त्यांच्या तोंडची वाक्ये त्यांना वाचून दाखवली. त्यांनी एक शब्द बदलला. मी "शुद्ध" लिहिले होते, त्यांनी "पिण्यायोग्य" करायला सांगितले. वरिष्ठांनी मथळ्यात "इशारा" हा शब्द घातला होता, तो मी काढला. त्यावर थोडी बोलाचाली झाली, ती येथे नको. नावाआधी काहीही लावले नाही, नावाखाली विषय लिहिला आणि "मते वैयक्तिक" हेही.

मजकूर तिसऱ्या पानावर आला. त्याच दिवशी खानापूरच्या एका अंगणवाडी सेविकेचा डेस्कवर फोन आला. "त्या बाईंचा नंबर द्या, आमच्या विहिरीचं विचारायचंय." मी प्राध्यापिकांना आधी विचारले, मगच दिला.

वही उतरवून होत आली आहे. "पाणी" या मथळ्याचे आता दोन भाग केले आहेत, पातळी आणि गुणवत्ता. "शेती"खाली रताळ्याच्या चुलतींचे नाव लिहायचे आहे. वेल यांनी त्यांना विचारून कळवावे, आणि फोन त्यांचा स्वतःचा असेल तर तोच द्यावा. सरांसाठी "जीवाश्म" असा नवा मथळा घातला आहे. तो वहीत आजवर नव्हता.